माझे सहा बिंदू

६ जानेवारी, सोमवार

श्रीपादला ऑफिसातून दोन डायऱ्या मिळाल्या, त्यातली एक त्याने मला दिली. "लिही त्यात काहीतरी. नाहीतर रोजचं सगळं माझ्या कानात ओततेस," म्हणाला. ठीक आहे, इथे ओतते.

ईश्वरीला लॅबमध्ये येऊन आज तीन आठवडे झाले. तेवढ्यात तिने माझा चहाचा कप, खिडकीजवळची जागा आणि आमच्या मालकांचे, खंडेलवालजींचे, कान ताब्यात घेतले. कप तिने चुकून घेतला. बाकीचं चुकून घेतलं असं मला वाटत नाही.

तीन वर्षं मी ही लॅब एकटीने चालवली. लॅब म्हणजे मुरलीपुऱ्यातल्या गोदामाच्या माडीवरच्या दोन खोल्या. बगरूचे छीपा हाताने छापून देतात ते कापड इथे तपासलं जातं आणि मग परदेशी जातं. रंग किती गडद, किती पक्का, धुतल्यावर किती उतरतो, हे मी सांगायचं. श्रीपादच्या बदल्यांमागे मी नागपूर केलं, रतलाम केलं, पुन्हा भुसावळ केलं. प्रत्येक गावात कुणीतरी व्हायला लागायचं आणि होता होता सामान बांधायचं. जयपुरात पहिल्यांदा मी कुणीतरी झाले. गेटवरचा भैयासुद्धा मला "लैब वाली मैडम" म्हणतो. आता तो विचारतो, "कौन सी वाली?"

आज खंडेलवालजींनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. सात फेब्रुवारीला डेन्मार्कचे खरेदीदार येणार. त्यांना लाल रंग दर वेळी तोच हवा आणि तो तसाच येईल हे कागदावर दाखवून हवं. पटलं तर अठराशे मीटरची ऑर्डर, आणि बगरूला मोठी लॅब. "नई लैब में एक हेड होगी," ते म्हणाले. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिच्याकडे जास्त वेळ बघितलं. मी काही घड्याळ लावलं नव्हतं, पण जास्त.

लाल रंगाचं काम ईश्वरीला दिलं. मला धुलाईच्या चाचण्या, म्हणजे बादल्या.

८ जानेवारी, बुधवार

लाल रंगाचं काम खरं तर माझं होतं. मागच्या मार्चमध्ये मी ते आपणहून सुरू केलं होतं.

कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, मग ठशाने तुरटीची खळ छापतात, मग मंजिष्ठेच्या काढ्यात उकळतात. तुरटी असेल तिथेच लाल उठतो, आणि तुरटी वाढवली की लाल गडद होतो. बाबूलालजी छीपा तुरटी मुठीने टाकतात. त्यांची मूठ थंडीत एक असते आणि उन्हाळ्यात दुसरी. म्हणून मी सहा प्रमाणांच्या खळी केल्या, एक टक्क्यापासून साडेतीन टक्क्यांपर्यंत. कापड छापून, उकळून घेतलं आणि प्रत्येक तुकड्याच्या रंगाची खोली मीटरवर मोजली. मग सहाही जोड्या माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये घातल्या.

हा कॅल्क्युलेटर बाबांनी मला जळगावला एम.एस्सी.ला असताना घेऊन दिला. पाठीवर करकटकाच्या टोकाने माझं माहेरचं आडनाव कोरलेलं आहे. रिग्रेशनच्या मोडमध्ये ठेवायचा. आधी एक्स, म्हणजे तुरटी, मग स्वल्पविराम, मग वाय, म्हणजे रंगाची खोली, आणि एम प्लस दाबायचं. पडद्यावर येतं, एन बरोबर एक. दुसरी जोडी घातली की एन बरोबर दोन. सगळे बिंदू घातले की तो त्यांच्यामधून जाणारी सरळ रेषा काढून देतो, ती सुरू कुठून होते आणि चढते किती. आर नावाचा आकडाही देतो. तो एकच्या जितका जवळ, तितके बिंदू रेषेला धरून आहेत. माझा आर ०.९९८ आला होता. त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं होतं.

एप्रिलमध्ये माझ्या रेषेवरून प्रमाण काढून एक लॉट रंगवला आणि तो मळका, तपकिरी निघाला. "मैडमजी की लाइन टेढ़ी निकली," खंडेलवालजी सगळ्यांसमोर म्हणाले. पॅकिंगची पोरं आठवडाभर तेच म्हणत होती. मी विषय बंद केला.

कॅल्क्युलेटरचा मोड मात्र मी तेव्हापासून बदललेला नाही. बेरीज-वजाबाकी त्याच मोडमध्ये करते आणि एम प्लसला हात लावत नाही. मोड बदलला की आतले बिंदू पुसले जातात. चुकलेले का असेनात, ते सहा बिंदू मला पुसावेसे वाटत नाहीत. हे मी श्रीपादलाही सांगितलेलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळपासून सगळं शहर गच्चीवर, पतंग आणि भोंगे. ईश्वरी एकटी राहते म्हणून श्रीपादने परस्पर तिला जेवायला बोलावलं. मला विचारलं नाही, सांगितलं.

ती तिळाच्या पोळ्या आणि सोलापुरी शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. श्रीपादने चार पोळ्या खाल्ल्या. माझ्या हातच्या दोन खातो आणि पित्ताचं सांगतो. मितालीला म्हणे ती फार आवडली. "आई, मतलब, ती किती मस्त समजावते ना. मला स्टॅटिस्टिक्स पाच मिनिटांत कळलं." मितालीला गणित शिकवताना माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे. तिचा चढत नाही. मुलगी आपली नसली की आवाज चढत नाही.

जाताना मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हणण्याची पद्धत आहे म्हणून म्हटलं. ती खाली वाकून पाया पडली. आता पाया पडणाऱ्या माणसाचं काय करायचं?

१७ जानेवारी, शुक्रवार

दोघींना बगरूला पाठवलं. जीपमध्ये ती पुढे बसली, मला मागे बसवलं, "मॅडम, तुम्हाला उन्हाचा त्रास नको," म्हणून. ऊन पुढच्याच बाजूला होतं, हे खरं आहे. पण तरी.

बाबूलालजींच्या अंगणात कापडं वाळत होती. मी तीन वर्षं तिथे जाते. ते मला "मैडमजी" म्हणतात, खुर्ची झाडून देतात आणि विचारलं तेवढंच सांगतात. ईश्वरी जाऊन थेट हौदाच्या कडेला उकिडवी बसली आणि तुरटीचं पाणी जिभेला लावून बघितलं. बाबूलालजी हसले. म्हणाले, "ये बेटी तो हमारे घर की है." मी खुर्चीवर बसून होते. मलाही ती चव माहीत आहे, पहिल्याच वर्षी मी घेतली होती. तेव्हा कुणी बघत नव्हतं.

येताना ती म्हणाली, "मॅडम, बाबूलालजी सांगत होते, तुम्ही मागच्या वर्षी लाल रंगावर लई काम केलं होतं." मी म्हटलं, "केलं होतं, चुकलं होतं." तिने पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, मनातल्या मनात हसली असेल.

२२ जानेवारी, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

लॅबमध्ये फोन चालत नाही. ठशांची डिझाइनं फोटो काढून बाहेर जातात म्हणून गेटवरच्या पेटीत फोन ठेवावा लागतो. लॅबचा कॉम्प्युटर सोमवारपासून दुरुस्तीला गेला आहे. ईश्वरीकडे स्वतःचा कॅल्क्युलेटर आहे, नवा, मोठ्या पडद्याचा. दुपारी ती खळ ढवळताना तो खिशातून तुरटीच्या बादलीत पडला. मला वाईट वाटलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

तिची सात रिडिंग तयार होती, चार टक्क्यांपासून सातपर्यंत. ती माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, तुमचा देता का थोडा वेळ?" मी दिला. कोरलेल्या आडनावावरून तिने बोट फिरवलं.

ती तिच्या टेबलाशी जाऊन बसली, आणि माझ्या लक्षात आलं की आत माझे सहा बिंदू आहेत. ती आपले सात त्यांच्यावरच घालणार. रेषा तेरा बिंदूंची निघणार, त्यातले सहा वाकड्या रेषेचे. एक हाक मारायची होती. "ईश्वरी, आधी क्लिअर कर." एवढंच म्हणायचं होतं.

मी चहा आणायला खाली गेले. येताना तिलाही आणला.

२३ जानेवारी, गुरुवार

तिच्या वहीच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं मी येता जाता वाचलं: एन बरोबर तेरा. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. मी एवढी खूश बऱ्याच दिवसांत झाले नव्हते आणि हे लिहिताना मला ते आवडत नाहीये.

दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, कॅल्क्युलेटर हातात. "मॅडम, जुनं मशीन आहे ना, वापरताना काही लक्षात ठेवायचं का? काही खास?"

"सातचं बटण जरा जोरात दाबावं लागतं," मी म्हटलं.

तिने सातचं बटण दाबून बघितलं. "अजून काही?"

"नाही."

माझ्या मशीनला जुनं म्हणाली. तिचं नवं बादलीत पडलं तरी माझंच जुनं.

२४ जानेवारी, शुक्रवार

ती आज पुन्हा आली. या वेळी हातात दोन संत्री. नागपूरची मिळाली म्हणे, सीकर रोडच्या गाड्यावर. एक माझ्यापुढे ठेवलं आणि सोलत बसली. "मॅडम, तुम्हाला माझ्या कामाबद्दल काही सांगायचं असेल तर सांगा की. मला राग नाही येणार."

मी म्हटलं, "छान चाललंय तुझं." संत्रं आंबट होतं. खाऊन टाकलं.

तिचा माझ्याशी गोड बोलण्याचा हा कार्यक्रम कशासाठी आहे हे मला कळत नाही. हेड झाल्यावर मी त्रास देऊ नये म्हणून आतापासून पाया घालत असेल.

२८ जानेवारी, मंगळवार

दोन गोष्टी.

एक, कपाटातली माझी मार्चची वही जागेवर नाही. ईश्वरीच्या टेबलावर होती, तिच्या डब्याखाली. मी विचारलं नाही. तिनेच विचारलं, "मॅडम, मार्चमध्ये आपण पाणी कुठलं वापरायचो?"

मला चांगलं आठवतं. बगरूच्या बोअरची मोटर जळली होती, महिनाभर तिथे टँकर येत होता. नवीन फिल्टर तर दिवाळीनंतर बसला. मी म्हटलं, "आठवत नाही."

माझा एप्रिलचा लॉट का बिघडला ते तिला खंडेलवालजींना सांगायचं असणार. मेलेल्या गोष्टीची चौकशी करतेय. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण चेहरा साधा ठेवला.

दुसरी गोष्ट चांगली आहे. डेन्मार्कहून मेल आला. त्यांना गडद लालाबरोबर लहान मुलांच्या कपड्यांसाठी फिका गुलाबीही हवा. खंडेलवालजींनी ईश्वरीला विचारलं, "हो जाएगा?" ती म्हणाली, "हो जाएगा, सर." कसं होईल? फिका गुलाबी दोन टक्क्यांच्या आसपास येतो. तिच्याकडे चार टक्क्यांखालचं एकही रिडिंग नाही. तिने ते "हो जाएगा" इतक्या शांतपणे म्हटलं की मला तिच्या आत्मविश्वासाचा हेवा वाटला. पाहुण्यांसमोर काय दाखवते ते बघू.

१ फेब्रुवारी, शनिवार

ईश्वरी दोन दिवस एकटीच बगरूला जाऊन आली. परवानगी खंडेलवालजींकडून, मला फक्त कळवलं. बाबूलालजींच्या घरून माझ्यासाठी गाजराचा हलवा आणला. "त्यांनी मैडमजींना आठवणीने दिला," म्हणाली. तीन वर्षांत त्यांनी मला कधी काही दिलं नव्हतं, आता तिच्या हातून दिलं. घरी नेला. श्रीपाद आणि मितालीने संपवला.

श्रीपादला मी सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, एखादा माणूस चूक करतोय हे दिसत असेल आणि ती चूक सांगणं आपलं काम नसेल तर? तो बुटांना पॉलिश करत होता. म्हणाला, "गाडी चुकीच्या रुळावर जाताना दिसली तर ते कुणाचं काम असतं, सुरुची?" रेल्वेवाल्यांना प्रत्येक गोष्टीत गाडी दिसते. मी विषय बदलला.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल रथसप्तमीचं हळदीकुंकू झालं, आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तिलाही बोलावलं, कारण न बोलावणं जास्त दिसलं असतं. सगळ्या बायका तिच्याभोवती. वाण म्हणून मी स्टीलच्या वाट्या दिल्या. तिने प्रत्येकीला बगरूच्या कापडाची छोटी पिशवी दिली, स्वतः शिवलेली. माझ्या घरी येऊन माझ्याच हळदीकुंकवात वाण दिलं.

आज प्रश्न तयार केला. शुक्रवारी ती फळ्यावर रेषा मांडेल तेव्हा मी शांतपणे विचारणार: एन किती घेतलंस? ती तेरा म्हणेल. मग मी म्हणेन, तुकडे तर सातच छापले होते, बाकीचे सहा कुठून आले? तिला उत्तर देता येणार नाही. कॅल्क्युलेटर क्लिअर न करता वापरणारी मुलगी लॅबची हेड कशी होईल?

भांडी घासताना एक विचार आला तो लिहून ठेवते. डेन्मार्कवाल्यांनी तिच्या वाकड्या रेषेवर ऑर्डर दिली असती तर अठराशे मीटर बाबूलालजींच्या घराने छापलं असतं, दोन महिने, सगळ्यांनी मिळून. ते वाया गेलं असतं. मी शुक्रवारी विचारणार आहे, म्हणजे वाया जाणार नाही. म्हणजे मी चांगलंच करतेय. असं मी तीनदा स्वतःला सांगितलं, आणि तीनदा सांगावं लागलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी आल्याआल्या लिहायला बसले.

डेन्मार्कहून दोघं आले होते, एक उंच बाई आणि एक चष्मेवाला माणूस. खंडेलवालजींनी फळा पुसून घेतला होता. ईश्वरी निळी कोटा साडी नेसून आली. तिने फळ्यावर रेषेचं समीकरण लिहिलं आणि खाली आर: ०.९९८. तो आकडा दिसला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. वाकडे सहा बिंदू आत असताना आर एवढा चांगला येऊच शकत नाही. पण मी दोन दिवस तो प्रश्न तोंडात धरून बसले होते. ती आलेख उघडणार, तेवढ्यात मी हात वर केला.

"एन किती घेतलंस?" मी इंग्रजीत विचारलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

ईश्वरीने माझ्याकडे बघितलं. अजिबात दचकली नाही. "तेरा," ती म्हणाली. "सात माझे. सहा सुरुची मॅडमचे, मागच्या मार्चमधले."

आणि तिने आलेख उघडला. वरच्या अंगाला सात भरलेले ठिपके. खालच्या अंगाला सहा पोकळ वर्तुळं. सगळी एका रेषेत. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: पोकळ वर्तुळं, काम सुरुची पाटील.

पुढचं तिने पाहुण्यांना सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. मार्चमध्ये टँकरचं पाणी होतं, हे तिने बाबूलालजींना विचारून नक्की केलं. एप्रिलमध्ये बोअरची मोटर दुरुस्त झाली, त्या पाण्यात लोखंड, म्हणून लाल मळला. रेषेत काही चूक नव्हती, पाणी बदललं होतं. आता फिल्टरचं पाणी टँकरसारखंच मऊ आहे. खात्रीसाठी तिने बगरूला जाऊन माझ्या सहापैकी दोन खळी पुन्हा बनवल्या, पुन्हा छापल्या, आणि दोन्ही माझ्याच आकड्यांवर उतरल्या. तेव्हाच तिने सहाही घेतले. "फिक्या गुलाबीसाठी मॅडमचे बिंदू नसते तर आमच्याकडे काहीच नव्हतं," ती म्हणाली. "माझे सगळे चार टक्क्यांच्या वर आहेत."

उंच बाईने माझ्याकडे वळून विचारलं, हे सहा तुमचे? मी मान हलवली. चष्मेवाल्याने फिक्या गुलाबीचं प्रमाण विचारलं, ईश्वरीने टेबलावरचा माझा कॅल्क्युलेटर उचलून दोन बटणांत सांगितलं. त्यांनी तिथेच ऑर्डरवर बोलणं सुरू केलं.

जेवताना खंडेलवालजी म्हणाले, "मैडम, इतना अच्छा काम था, मार्च में बताया क्यों नहीं?" मी मार्चमध्ये त्यांना तीनदा सांगितलं होतं. आज ते सांगायचं त्राण नव्हतं.

सोळा दिवस मला एका गोष्टीची पक्की खात्री होती, की माझे बिंदू तिच्या रेषेत गेले तर तिची रेषा बिघडेल. एकदाही मनात आलं नाही की कदाचित बिघडणार नाही. खंडेलवालजी हसले होते ते मी खरं मानलं. तिने वही उघडून बघितली, पाण्याची चौकशी केली. मी माझंच काम होतं तरी तपासायला गेले नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी खंडेलवालजींनी केबिनमध्ये बोलावलं. बगरूच्या लॅबची हेड मी. "कल आपने जो सवाल पूछा, मेहमानों के सामने, वो बात मुझे जँच गई. छोटी को आगे करके खुद पीछे बैठीं, और सही जगह पे सवाल." मी धन्यवाद म्हटलं. त्यांना वाटतंय ते खोटं आहे हे सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. एवढी मी भित्री आहे.

ईश्वरी मागच्या नळावर बीकर धूत होती. मी जाऊन शेजारी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. आत बिंदू आहेत हे मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. कालचा प्रश्न तुला पाडायला विचारला होता.

तिने बीकर उलटा ठेवला. "माहितेय मला, मॅडम."

"कधीपासून?"

"पहिला बिंदू घातला आणि एन बरोबर सात आलं. तेव्हाच." ती हात पुसत होती. "वरच्या बाणाने मागे जाऊन बघितलं तर सहा जोड्या. मी म्हटलं, मॅडम सांगतील. दोन दिवस वाट बघितली. दोनदा विचारायला पण आले की."

सातचं बटण जोरात दाब, हे मी तिला सांगितलं होतं. मला तोंड लपवावंसं वाटलं.

"मग?"

"मग म्हटलं, ह्या सांगत नाहीत तर नाही. आकडे तर चांगले दिसताहेत." तिने फडका वाळत टाकला. "राग आला होता मला. घरी जाऊन आईला फोनवर सांगितलं सगळं. आणि तुम्ही काल विचारणार हेही वाटलंच होतं. ते उत्तर आरशासमोर पाठ करून आले होते."

"मग माझं नाव कशाला घातलंस?"

"तुमचे होते म्हणून," ती म्हणाली, जणू मी काही भलतंच विचारलं. "दुसरं काय घालणार?"

मला तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर मलाही काही बोलता आलं असतं. ती पुढचा बीकर घासायला लागली. मी दुसरा स्क्रबर घेतला आणि आम्ही उरलेली भांडी धुतली.

तिथून परत केबिनमध्ये गेले आणि खंडेलवालजींना सांगितलं, कालचा प्रश्न चांगल्या मनाने विचारला नव्हता, बाकीचं तुम्ही ठरवा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "सोमवार को बात करते हैं," म्हणाले.

१० फेब्रुवारी, सोमवार

बगरूची लॅब दोघींची. हेड कुणी नाही, खंडेलवालजींनी खुर्च्या सारख्याच मागवल्या आहेत. मला राग आला नाही असं लिहिणार होते. आला. हेडची पाटी माझी होऊ शकली असती आणि ती मी स्वतःच्या तोंडाने घालवली. श्रीपादला सांगितल्यावर तो संध्याकाळी श्रीखंड घेऊन आला.

मत्सर गेला असंही लिहिता येत नाही. आज बगरूला जागा बघायला गेलो, बाबूलालजींनी तिला बेटी म्हटलं आणि माझ्यासाठी खुर्ची झाडली, तेव्हा पोटात दुखलंच. मी खुर्ची बाजूला केली आणि हौदाच्या कडेला जाऊन बसले. गुडघे कुरकुरले. बाबूलालजींनी तुरटीच्या पाण्याचा मग माझ्यापुढे सरकवला. मी जिभेला लावलं. म्हटलं, आज कमी आहे. ते म्हणाले, "हाँ, थोड़ी कम है."

दुपारी मी तेराही बिंदू माझ्या अक्षरात नव्या वहीत उतरवले. सहा आणि सात, मध्ये रेघ न मारता.

तिचा नवा कॅल्क्युलेटर अजून आलेला नाही. चार वाजता ती टेबलाशी आली आणि नुसता हात पुढे केला. मी कॅल्क्युलेटर तिच्या हातात ठेवला, पण सोडला नाही.

"आत तेरा बिंदू आहेत," मी म्हटलं. "आधी क्लिअर कर."